लांबून आलेला आधी

काकांच्या घरी भेटायला येणाऱ्यांचा नंबर अंतरावर लागायचा. आधी आला तो आधी, हा नियम तिथे नव्हता. सगळ्यांत लांबून आलेला माणूस आधी आत जायचा. डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. काका आमदार, आणि बाहेरची खोली म्हणजे त्यांचं कार्यालय. दाराशी टेबल टाकून मी बसायचे आणि येणाऱ्याला नाव विचारण्याआधी विचारायचे, "कुठून आलात? यायला किती वेळ लागला?" शेजारच्या गल्लीतला माणूस सकाळी साडेसातला येऊन बसला तरी साडेदहाला उगवलेला मुरबाडकडचा म्हातारा त्याच्या आधी आत जायचा. गल्लीवाला चिडायचा. मग मी त्याला चहा द्यायचे. चहाचा तेवढा एकच उपयोग आमच्याकडे होता.

एकदा घोडबंदर रोडवरचे एक बिल्डर आले. पांढरे बूट, दोन फोन. माझा प्रश्न ऐकून खूश झाले. "मॅडम, दोन तास गाडीत होतो! काय तो ट्रॅफिक!" नियमाप्रमाणे त्यांचा नंबर दुसरा लागत होता. मी यादी आत नेली. काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"एसी चालू होता का विचार."

मी बाहेर येऊन विचारलं. होता.

"मग अर्धा वेळ धर," काका म्हणाले.

बिल्डर सहावे गेले.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. ठाकुर्लीला आईबरोबर राहायचे, बी.कॉम. झालेले, टायपिंग बरं होतं. काका आमदार एकदाच झाले आणि ती पाचही वर्षं मी त्यांची मदतनीस होते. कागद गोळा करायचे, प्रश्न टाइप करायचे, विधानभवनात फाइल घेऊन मागे मागे जायचं. पहिल्या दिवशी मी त्यांना साहेब म्हटलं तर ते खरंच मागे वळून बघायला लागले. "साहेब म्हटलं की वाटतं माझ्यामागे कोणीतरी आलंय. काका म्हण."

राजकारणात येण्याआधी तीस वर्षं ते सरकारी मोजणीदार होते. ठाणे जिल्ह्यातले बांध, हद्दी, भावाभावांतली भांडणं त्यांना तोंडपाठ. मोजणीला जायचं तर लगतच्या शेतकऱ्यालाही नोटीस द्यावी लागते. एक भाऊ हजर आहे आणि दुसरा नाही असं दिसलं की काका मोजणीची साखळी गुंडाळून परत फिरायचे, मग ते गाव एसटीने तीन तासांवर असो. "एकाच्याच समोर टाकली की साखळी वाकडी पडते," म्हणायचे. अशा फुकट फेऱ्यांबद्दल वरिष्ठांनी त्यांना दोनदा मेमो दिलेला. दोन्ही मेमो त्यांनी जपून ठेवलेले आणि नव्या माणसाला ते कौतुकाने दाखवायचे.

त्यांची दुसरी सवय वाटपाची. गावाकडे वाटण्या होतात तेव्हा थोरला वाटे पाडतो आणि धाकटा आधी उचलतो. वाटे पाडणाऱ्याला उरलेला मिळतो, म्हणून तो सारखे पाडतो. काकांनी हा नियम घरातल्या पापलेटालाही लावला. काकू मासा कापायच्या आणि अर्थातच शेवटी जेवायच्या, म्हणजे शेपटी त्यांच्या वाट्याला. हे काकांच्या लक्षात आलं त्या दिवसापासून मासा ते स्वतः कापायला लागले. इतका वाईट कापायचे की कुणाच्याच ताटात धड तुकडा यायचा नाही. "समानता आली," काकू मला म्हणायच्या, "पापलेट गेलं."

सभागृहातही त्यांनी तेच आरंभलं. जिल्ह्याच्या कामांची यादी द्यायची वेळ आली की आधी खडवली, शहापूर, मुरबाडच्या पाड्यांची कामं, आणि सगळ्यांत शेवटी आपला मतदारसंघ. डोंबिवलीचे लोक विचारायचे, "हा आमदार आमचा की जिल्ह्याचा?" पक्षाचे जिल्हाध्यक्षही विचारायचे. काका म्हणायचे, "वाटणाऱ्यांत बसलोय ना आता? मग शेवटी उचलायचं."

कोटीचे आकडे ते भाषणात घ्यायचेच नाहीत. "अध्यक्ष महोदय, कोटी मला कळत नाही. मंत्रिमहोदयांनी एवढंच सांगावं, ह्या खर्चाने कुणाची किती पावलं वाचली?" आणि मग ते पावलं सांगायचे. अमुक वस्तीतून नळापर्यंत तीनशे चाळीस, तमुक पाड्यापासून दवाखान्यापर्यंत सहा हजार. ही पावलं काही वेळा त्यांनी चाललेली असायची, बऱ्याच वेळा मी. माझ्या चपलांचे तीन जोड ह्या राज्याच्या अर्थकारणात झिजलेत.

त्यांचं भाषण बहुतेक वेळा संध्याकाळी यायचं. पुढची बाकं रिकामी, मागे दोनतीन सदस्य डुलक्या घेणारे. मी चिडायचे. काका म्हणायचे, "लिहून घेणारे जागे आहेत ना?" वेळ संपल्याची घंटा वाजली की मात्र ते होते तिथे थांबायचे. वाक्य अर्धं असलं तरी. पुढचं मिनिट दुसऱ्या कुणाचं तरी आहे, असं त्यांचं म्हणणं. कामकाजाच्या छापील इतिवृत्तात त्यांचं एक भाषण "आणि म्हणून माझी शासनाला विनंती आहे की" इथे संपतं. काय विनंती होती ते त्यांना नंतर आठवेना, मलाही आठवेना.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी रडवेली होऊन घरी गेले तर काका आठ वाजले तरी झोपलेले. काकू म्हणाल्या, "पाच वर्षांत पहिल्यांदा घोरतायत, उठवू नकोस." आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, घोडबंदर रोडला मुलीकडे सतराव्या मजल्यावर राहतात आणि त्या सोसायटीची प्रत्येक मीटिंग लांबवतात. मागे क्लबहाऊसला इटालियन फरशी बसवायची होती. काकांनी उभं राहून विचारलं की वॉचमन लघवीला कुठे जातो. फरशी अजून बसलेली नाही. वॉचमनचं बाथरूम झालं.

हे सगळं मी हसत सांगते. पण त्यांच्याविषयी कुणी खरंच विचारलं, की हा माणूस कसा होता, तर मी चौथ्या वर्षाच्या पावसाळी अधिवेशनातले पाच दिवस सांगते. त्यात माझी चूक आहे, म्हणून बरीच वर्षं सांगत नव्हते.

त्या अधिवेशनात पुरवणी मागण्या आल्या. म्हणजे सरकारचा वर्षाचा खर्च ठरून गेल्यावर मधेच लागणारा जास्तीचा पैसा. त्यात आमच्याच मतदारसंघातल्या तळ्यासाठी संगीतावर नाचणारं कारंजं होतं. काकांचा फोटो लावून अभिनंदनाचे बॅनरही लागलेले. काकांना ते कारंजं कुठून आलं याची शंका आली. मला म्हणाले, "कोणाच्या ताटातलं आहे बघ जरा."

मी काकांचं पत्र घेऊन बांधकाम खात्याच्या ऑफिसात कागद बघायला गेले. खडवलीच्या पलीकडे नदीच्या त्या तीरावर एक पाडा आहे. तिथे जायला साकव मंजूर होता. साकव म्हणजे माणसं, फार तर मोटरसायकल जाईल एवढा छोटा पूल. तो रद्द करून त्याचा निधी आमच्या कारंज्याकडे वळवलेला. आणि फाइलीत तिथल्या उपअभियंत्याचं पत्र: "…सदर साकवाची तूर्त आवश्यकता नाही व त्याचा निधी अन्यत्र वळविण्यास हरकत नाही". पान तिथे संपत होतं. ऑफिस बंद व्हायची वेळ झालेली, झेरॉक्सवाला शटर ओढत होता. मी त्या पानाची प्रत घेतली आणि धावत घरी आले.

काका इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. स्वतःच्या फोटोखाली दुसऱ्याचा पूल गेलेला त्यांना सहन झाला नाही. दुसऱ्या दिवशी सभागृहात त्यांनी त्या अधिकाऱ्याचं नाव घेतलं. "अध्यक्ष महोदय, ह्या गृहस्थांनी नदी न पाहता पूल रद्द केला." बाकं वाजली. विरोधक ओरडायला लागले. गोंधळ वाढला तसे मंत्री उठले आणि त्यांनी तिथल्या तिथे त्या उपअभियंत्याला निलंबित केल्याची घोषणा केली. संध्याकाळी सगळ्या चॅनेलवर तेच: नदी न पाहिलेला अधिकारी. मला तीसेक फोन आले. मैत्रिणीने केक आणला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक बारीक, पन्नाशीचे गृहस्थ जिना चढून आले. हातात हेल्मेट, रेनकोटमधून पाणी गळत होतं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुठून आलात?"

"शहापूरच्या पुढून. स्कूटरने. अडीच तास लागले."

त्या दिवशी त्यांच्याइतकं लांबून कुणीच आलं नव्हतं. मी म्हटलं, "मग तुमचाच पहिला नंबर. नाव सांगा."

ते म्हणाले, "मीच तो. नदी न पाहिलेला."

मी त्यांना आत नेलं. त्यांनी आवाज चढवला नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला आणि काकांसमोर ठेवला. माझ्याकडे होतं तेच पत्र. मग त्यांनी तो कागद उलटा केला. मागे मजकूर होता.

काकांनी मोठ्याने वाचलं. पुढच्या बाजूचं शेवटचं वाक्य: साकवाची तूर्त आवश्यकता नाही व त्याचा निधी अन्यत्र वळविण्यास हरकत नाही. आणि मागच्या बाजूची पहिली ओळ: "असे आपण कळविले आहे. तथापि मी स्वतः तीन वेळा स्थळपाहणी केली असून साकव अत्यावश्यक आहे."

मी फाइलीतून माझी प्रत काढून उलटली; मागे कोरी.

"हे मत वरच्या ऑफिसचं होतं," ते गृहस्थ म्हणाले. "मी त्यांना विरोध केला. लेखी. आता ते म्हणतात, तूच लिहिलंस."

काकांनी कागद दोनदा उलटसुलट केला. मग त्यांनी विचारलं, "बोलायच्या आधी आम्ही तुम्हाला फोन केला होता?"

"नाही."

"आणि मी नदी पाहिलीय?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"नाही पाहिलेली," काका म्हणाले.

मी मधेच बोलले. "काका, चूक माझी आहे. मी पाठची बाजू बघितलीच नाही. मी लिहून देते, मी सोडते काम."

"कागद तू आणलास. बोललो मी," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि ते मला फार लागलं. "बस खाली. आधी नदी बघून येऊ. तिघं."

त्याच दुपारी आम्ही खडवलीला गेलो. स्टेशनपासून रिक्षा, पुढे चिखलातून पायी. नदी गढूळ आणि रुंद, आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. काठावरच्या चहाच्या टपरीत एक म्हातारी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

"आजी, पलीकडे जायचंय?" काकांनी विचारलं.

"जावाचाच हाय. तीन दिस झाले. पानी आयला का आमचा गाव तुटला."

"मग राहता कुठे?"

"भाचीकडं. आमी तरी बरं. पोटुशी बाय असली का तिला म्हयनाभर आदीच या अंगाला आनून ठेवतात. नाय ठेवली तर…" तिने हाताने नदीकडे दाखवलं.

तेवढ्यात तिचं लक्ष आमच्याबरोबरच्या गृहस्थांकडे गेलं. "ह्यो सायेब हिकडं येतो ना," ती म्हणाली. "गेल्या सालीबी आलता. फीत लावत व्हता. पडला व्हता त्या खडकावरना."

उपअभियंता ओशाळं हसले. काकांनी छत्री मिटली आणि पावसात तसेच उभे राहिले. त्यांनी हात जोडले, त्या गृहस्थांपुढे, आणि मग खाली बघत परत चालायला लागले.

संध्याकाळी जिल्हाध्यक्षांचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं.

"काका, मंत्र्यांना एक पत्र लिहा, हळूच निलंबन मागे घेतील. पंधरा दिवसांत लोक विसरतात. सभागृहात माफी मागाल तर पुढच्या निवडणुकीत समोरचे तेवढाच व्हिडिओ फिरवतील."

"बदनामी माइकवर केली. माफी लिफाफ्यात कशी घालू?"

"अहो, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत!"

"त्यानेही मुद्दाम काही केलं नव्हतं," काका म्हणाले, आणि फोन ठेवला.

मधला एक दिवस सुट्टीचा. मी त्या दिवसांत जेवत नव्हते. आई विचारायची आणि मी पोट बिघडलंय म्हणायचे. राजीनामा टाइप करून पर्समध्ये ठेवलेला. डोळ्यांसमोर सारखा तो उलटा होणारा कागद.

पाचव्या दिवशी काकांनी सभागृहात निवेदन करायची परवानगी मागितली. मी वर गॅलरीत बसले होते. अध्यक्ष म्हणाले, "दोन मिनिटं." ह्या वेळी बाकं भरलेली होती. कुणीतरी बातमी पसरवली असणार.

काका उठले. समोरून लगेच आवाज आला, "काका, नदी पाहिली का?"

हशा झाला. काकांनी तो संपू दिला.

"पाहून आलो. ओलांडता नाही आली."

पुन्हा हशा सुरू झाला आणि मधेच थांबला. तेवढ्या शांततेत त्यांनी सांगून टाकलं. "अर्धा कागद वाचून मी बोललो. ज्यांनी नदी तीनदा पाहिली त्यांना मी, नदी एकदाही न पाहिलेला, ‘नदी न पाहिलेले’ म्हणालो." त्यांनी त्या उपअभियंत्याचं पूर्ण नाव घेतलं, आधी घेतलं होतं तितक्याच मोठ्याने, आणि माफी मागितली. माझं नाव नाही, ‘कार्यालयाकडून’ नाही, ‘अनवधानाने’ नाही. "निलंबन मागे घ्यावं. साकवाबद्दल मी आज बोलणार नाही. आजची दोन मिनिटं त्यांची आहेत." घंटा वाजायच्या आत ते खाली बसले.

मग पहिल्यांदा बाक वाजवलं ते समोरच्या बाजूच्या, नदीवरून ओरडलेल्या त्याच सदस्याने. मंत्री उठले. कागदपत्रं मागवून पाहिली आहेत, म्हणाले. निलंबन आजच मागे घेत आहोत. मी गॅलरीत पुढच्या कठड्यावर डोकं टेकलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचे कोण लागतात का?" मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळलं नाही.

काका बाहेर आले तेवढ्यात माझा फोन वाजला. एका मुलीचा आवाज. "मी त्यांची मुलगी बोलतेय. बाबांनी मोबाइलवर बघितलं सगळं. त्यांना बोलता येत नाहीये आत्ता. पण सांगा म्हणाले की…" मी म्हटलं, त्यांनाच सांग. मी फोन काकांकडे दिला. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, मग कोरड्या आवाजात म्हणाले, "बाळ, त्यांना सांग, उद्या वेळेवर कामावर जा. आणि खडकावरून जपून." मग फोन बंद न करताच माझ्या हातात दिला.

साकव दोन वर्षांनी झाला, काका आमदार नसताना. कारंजं रद्द झालं, बॅनर उतरले, आणि काका निवडणुकीत का पडले याचं कारण डोंबिवलीत अजूनही कारंजंच सांगतात. व्हिडिओही फिरला, जिल्हाध्यक्ष म्हणालेले तसाच. फक्त तो शहापूर-खडवलीकडे जास्त फिरला, आणि तिथली मतं आमच्या मतदारसंघात नव्हती.

पण त्या दिवशी हे काहीच माहीत नव्हतं. आम्ही विधानभवनाच्या पायऱ्या उतरत होतो. मी पर्समधून राजीनामा काढला. काकांनी तो उलटून मागची बाजू पाहिली. कोरी होती. त्यांनी चार घड्या करून खिशात टाकला.

"उद्या लवकर ये. त्या साकवावर प्रश्न टाकायचाय. आणि ह्यापुढे झेरॉक्स पाठपोट."

"हो काका."

"हो नाही. पाठपोट."

घरी पोचले तेव्हा नुकती दिवेलागण झालेली. आई भात उतरवत होती. मी चप्पल काढता काढताच सांगायला लागले, अगं आई, माझ्याकडून एक फार मोठी चूक झालेली, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती मधे एकदाच बोलली. "त्या माणसाची नोकरी?"

"राहिली."

"आणि तुझी?"

"राहिली."

"मग हात धू," आई म्हणाली.

मी पाट ओढून बसले. वरण, भात, लिंबाची फोड. पहिला भात कधी संपला कळलं नाही. दुसराही संपला. तिसऱ्यांदा आईने विचारलंच नाही, नुसता वाढला.